हृदयाचे पंपिंग कमी आणि रक्तही कमी : सासऱ्यांना लोहाचे सलाइन द्यावे का?

अबोली

नमस्कार. माझे सासरे 69 वर्षांचे आहेत, नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला, आणि तेव्हापासून टूडी इकोच्या कागदावर पंपिंग, म्हणजे हृदय दर ठोक्याला आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा, 30 ते 35 टक्क्यांच्या मध्येच अडकून राहिले आहे. औषधे ते घड्याळ लावून घेतात, लोणचे-पापड सोडले आहेत आणि रोज सकाळचे वजन वहीत लिहितात. तरीही हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला चार फेऱ्या मारणारा हा माणूस दिवाळीपासून एका फेरीतच बाकावर बसू लागला. पायांवर सूज नाही, वजन वाढलेले नाही, फुप्फुसात पाणीही नाही.

तपासणीत हिमोग्लोबिन 10.6, फेरिटिन 62 आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन 13 टक्के आले. डॉक्टरांनी लोहाचे सलाइन सुचवले आहे. माझी अडचण रिपोर्टच्या कागदाशी आहे. हिमोग्लोबिन ठळक अक्षरांत छापले आहे, पण फेरिटिनच्या 62 समोर सामान्य मर्यादा 22 ते 322 अशी दिली आहे आणि तो आकडा साध्याच अक्षरांत आहे. मग जे लोह कागदावर पुरेसे दिसते, ते शिरेतून कशासाठी द्यायचे? हृदय आधीच थकलेले असताना सलाइनच्या पाण्याचा भार पडणार नाही का? घरात आत्याबाई दर बुधवारी पिशवीभर बीट आणून देतात आणि सलाइनचे नाव काढले की कपाळाला आठी घालतात. कोणाला अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

सिडकोवाला

थोरल्या भावाची हीच गोष्ट. त्यांना सहा महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. बद्धकोष्ठ झाले, शौच काळे झाले, तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव आली, हिमोग्लोबिन 10.2 वरून 10.4 वर गेले. दोन दशांशांसाठी सहा महिने पोट धरून बसायचे, हा सौदा काही आम्हाला परवडला नाही.

जुना_स्टेथो

मी फिजिशियन आहे आणि माझ्या रोजच्या कामातले निम्मे रुग्ण अशाच तक्रारीचे असतात. रुग्ण समोर नसताना निर्णय देता येत नाही, तो तुमच्या डॉक्टरांचाच. पण अबोलीताईंचा प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी 62 आणि 322 चा गोंधळ. फेरिटिन हे लोहाच्या साठ्याचे मोजमाप आहे, पण अंगात दाह असला की साठा नसतानाही ते वाढते. हृदय दुबळे झालेल्या माणसात असा मंद दाह कायमच असतो, त्यामुळे त्याच्यासाठी मर्यादा वेगळी धरतात. फेरिटिन 100 च्या खाली असेल तर लोह कमी आहे असे समजतात. ते 100 ते 299 असेल तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहतात आणि ते 20 टक्क्यांच्या खाली आले तरीही लोह कमीच मानतात. लॅब जी मर्यादा छापते ती निरोगी माणसाची असते. तुमच्या सासऱ्यांचे पंपिंग किती आहे हे त्या यंत्राला कोणी सांगितलेले नसते. सॅच्युरेशन म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर प्रत्यक्षात किती लोह चढले आहे ते. सिटीलिंकच्या बसमधील शंभर आसनांपैकी तेराच भरली आहेत, असे समजा. हे दोन आकडे एकत्र वाचले तर लोहाची कमतरता स्पष्ट आहे.

हिमोग्लोबिन आणि लोह या दोन गोष्टी आपण नेहमी एकच समजतो, तिथे आणखी एक चूक होते. पुरुषांत 13 च्या खाली आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांत 12 च्या खाली हिमोग्लोबिन असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे तो रक्तक्षय. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय दुबळे पडण्याच्या विकाराच्या, साधारण एकतृतीयांश रुग्णांत तो सापडतो, पण लोहाची कमतरता त्याहून जास्त, म्हणजे जवळपास निम्म्यांत असते. लोह केवळ रक्ताला लागत नाही, स्नायूंना आणि पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियालाही लागते. आणि हृदय हा एक असा स्नायू आहे ज्याला रविवारची सुट्टी नाही. म्हणून हिमोग्लोबिन 13.5 असलेला रुग्णही लोहाअभावी दमतो आणि त्याला सगळे जण वय झाले म्हणून सांगतात.

सिडकोवाल्यांच्या भावाला गोळ्यांचा उपयोग का झाला नाही, याचेही उत्तर दाहातच आहे. दाह वाढला की यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य जास्त तयार करते आणि ते आतड्याच्या दाराला आतून कडी लावते. गोळीतले लोह पोटात पोहोचते, पण रक्तात उतरत नाही. 2017 साली आयर्नआऊट नावाच्या अभ्यासात 225 रुग्णांना 16 आठवडे दिवसातून दोनदा 150 मिलिग्रॅम लोह तोंडाने देऊन पाहिले. व्यायाम करण्याच्या क्षमतेत खोट्या गोळीच्या तुलनेत फरक पडला नाही. शिरेतून दिलेले लोह हे दार टाळून जाते.

गोदाघाट

सीबीएस बसस्थानकावरून सुटणाऱ्या बसमध्ये तेराच आसने भरलेली असतात, हे वाचून मात्र डॉक्टरसाहेब अलीकडे बसने फिरलेले नाहीत एवढे कळले.

विनोद बाजूला ठेवून माझे मत लिहितो, आणि ते विरोधी आहे. आमच्या घरात आजोबा 88 वर्षे जगले, लोखंडी कढईतली भाजी आणि संध्याकाळी गूळ-शेंगदाणे एवढाच त्यांचा आयर्नचा कोर्स होता. हल्ली दम लागला की तपासणी, तपासणी झाली की सलाइन, सलाइन संपले की पुन्हा तपासणी, अशी साखळी लागते. लोहाच्या सलाइनने माणसाचे आयुष्य वाढते असे सिद्ध झाले आहे काय? झाले असेल तर तसे स्पष्ट सांगावे. नसेल तर हजारो रुपये कशासाठी?

निफाडची_लेक

गोदाघाट, आपल्या आजोबांचे हृदय धडधाकट असणार. आमच्या आईचे नव्हते.

बीटाविषयी एक गोष्ट इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण ती आमच्या अंगावर बेतली आहे. आईला हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू होते. रक्त वाढावे म्हणून मी सकाळी बीट-पालकाचा रस आणि दुपारी नारळपाणी सुरू केले. मळ्यातले ताजे बीट, मायेने केलेला रस. तीन आठवड्यांनी आईचे पाय लुळे पडल्यासारखे झाले, पोटॅशियम 6.3 निघाले आणि दोन रात्री अतिदक्षता विभागात काढाव्या लागल्या. ती गोळी शरीरात पोटॅशियम राखून ठेवते आणि बीट, पालक, नारळपाणी या तिन्हींत ते भरपूर असते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. बीटात लोह फार असते हाही बहुधा त्याच्या लाल रंगामुळे झालेला समज आहे. सोबतीला हळीव, तीळ किंवा साधी मटकी ठेवून पाहिली तर बीट फार मागे राहते.

लोखंडी कढई जरूर वापरावी. पण जेवणानंतर लगेच घेतलेला चहा वनस्पतींतले लोह बरेचसे अडवतो, आणि आपल्याकडे तर ताट उचलायच्या आत चहाचे आधण ठेवले जाते.

जुना_स्टेथो

गोदाघाट यांचा प्रश्न मला आवडला, म्हणून सरळ उत्तर देतो. आयुष्य नक्की वाढते, असे आजही ठामपणे म्हणता येत नाही. 2009 च्या फेअर-एचएफ अभ्यासात 459 रुग्ण होते. सहा महिन्यांत त्यांचे चालणे, दम आणि एकूण बरे वाटणे यांत चांगला फरक दिसला, आणि विशेष म्हणजे हिमोग्लोबिन 9.5 पासून 13.5 पर्यंत असलेले, म्हणजे रक्तक्षय असलेले आणि नसलेले, दोन्ही प्रकारचे रुग्ण त्यात होते. पुढे 2020 मध्ये अफर्म-एएचएफ आणि 2022 मध्ये आयर्नमॅन हे अभ्यास आले. हृदयासाठी पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी होण्याकडे त्यांचा कल होता. 2023 च्या हार्ट-एफआयडीमध्ये 3065 रुग्ण होते आणि तिथे निकाल अपेक्षेपेक्षा फिका निघाला. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये सगळे तोलून असे म्हटले की पंपिंग कमी असलेल्या आणि लोह कमी असलेल्या रुग्णाला त्रास कमी व्हावा आणि जगणे सुसह्य व्हावे म्हणून शिरेतून लोह द्यावे, आणि दाखल होणे टाळण्यासाठीही त्याचा विचार करावा.

आता मैदानाच्या एका फेरीवरून तीन फेऱ्यांवर येणे याची किंमत किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी माझ्या रुग्णांना सांगतो की हे औषध वर्षे वाढवण्यासाठी नाही, असलेल्या वर्षांत बाजारात स्वतः जाता यावे यासाठी आहे.

मनमाड_पॅसेंजर

माझ्या आईचे पंपिंग 58 टक्के आहे, पण तरीही हार्ट फेल्युअरच सांगितले आहे. तिलाही हे लागू पडते का?

जुना_स्टेथो

पुरावा मुख्यतः पंपिंग 45-50 टक्क्यांच्या खाली असलेल्यांचा आहे. आईंच्या प्रकारात रक्तक्षय तितकाच आढळतो, पण सलाइनचा फायदा तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही. कारण मात्र शोधावेच.

जुना_औषधविक्रेता

मेन रोडजवळच्या दुकानात मी तीस वर्षे काउंटरवर काढली, त्यामुळे सलाइनच्या पाण्याविषयी लिहू शकतो. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज नावाचे जे औषध हल्ली देतात, ते एका वेळी जास्तीत जास्त 1000 मिलिग्रॅम देता येते. ते फार तर 250 मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून किमान पंधरा मिनिटांत चढवतात. पाव लिटर पाणी. अबोलीताईंच्या सासऱ्यांनी त्या दिवशी दोन कप चहा कमी घेतला की हिशेब जुळतो. जुने आयर्न सुक्रोज स्वस्त पडते, पण ते एका वेळी साधारण 200 मिलिग्रॅमच देता येते, म्हणजे तेवढ्याच लोहासाठी पाच खेपा, पाच वेळा सुई आणि पाच वेळा रिक्षा. काही हजारांची बचत करताना हा खर्चही धरावा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक म्हणजे हे सलाइन घरी मागवून ओळखीच्या कंपाउंडरकडून लावून घेऊ नये. ॲलर्जी क्वचितच येते, पण आली तर समोर डॉक्टर आणि इंजेक्शन तयार हवे, म्हणून संपल्यावरही अर्धा तास बसवून ठेवतात. दुसरे म्हणजे सुई शिरेबाहेर सरकली तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. हात जळजळला तर रुग्णाने लाजू नये, लगेच सांगावे. या औषधाने काहींचे फॉस्फेट उतरते, त्यामुळे वारंवार घ्यावे लागणाऱ्यांनी तेही तपासून घ्यावे.

पंचवटीकरीण

मला इथे एक वेगळाच मुद्दा मांडायचा आहे, कारण आतापर्यंत सगळे जण लोह आत कसे घालायचे एवढेच बोलत आहेत. ते जाते कुठे, हे कोणी विचारले नाही.

माझ्या यजमानांना स्टेंट बसवल्यापासून ॲस्पिरिन आणि त्यासोबत दुसरी रक्त पातळ ठेवणारी गोळी होती. रक्त कमी आहे म्हणून एका दवाखान्यात लोहाची गोळी लिहून दिली आणि काळे शौच होईल, घाबरू नका, असेही सांगितले. आम्ही घाबरलो नाही, आणि तिथेच चुकलो. दोन महिने शौच काळे होत राहिले, हिमोग्लोबिन 7.8 वर आले, आणि एके दिवशी ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडले तेव्हा दुर्बिणीतून तपासणी झाली. जठरात व्रण होता आणि तो सतत झिरपत होता. गोळीचे काळेपण हिरवट, घट्ट असते आणि रक्ताचे काळेपण डांबरासारखे चिकट, उग्र वासाचे असते, हा फरक मला नंतर एका परिचारिकेने सांगितला. त्या दवाखान्यात ॲस्पिरिन चालू आहे का, एवढे एक वाक्य विचारले असते तरी पुष्कळ झाले असते.

अबोलीताई, सासऱ्यांनाही स्टेंट आहे. सलाइन जरूर द्यावे, पण रक्त पोटातून जात नाही ना, हे पाहिल्याशिवाय थांबू नये. आणि ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

जुना_स्टेथो

पंचवटीकरीण यांनी लिहिले ते या धाग्यातले सर्वांत उपयोगी उत्तर आहे. साठी ओलांडलेल्या पुरुषाचे लोह कमी झाले तर ते कुठून तरी गळते आहे, असेच धरून चालावे आणि जठर व मोठे आतडे दोन्ही पाहावीत. त्याखेरीज बी12 तपासावे, विशेषतः रुग्ण शाकाहारी असून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे गोळी घेत असेल तर.

आणखी एक. पंपिंग कमी असले की शरीर मीठ-पाणी धरून ठेवते आणि रक्त पातळ होते. मिसळीत रस्सा वाढवला की तर्री कमी दिसते, पण घातलेली तर्री तेवढीच असते. तसेच काही रुग्णांचे हिमोग्लोबिन केवळ पाण्यामुळे कमी दिसते आणि लघवीची गोळी वाढवली की वर येते. अबोलीताईंच्या सासऱ्यांना सूज नाही आणि वजन स्थिर आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे कारण मागे पडते.

गोदाघाट

मिसळीचे उदाहरण हृदयरुग्णांच्या धाग्यावर देणे हा क्रूरपणा आहे. माझे स्वतःचे मीठ गेल्या वर्षापासून बंद आहे.

पेठचा_मास्तर

आमच्या पेठ-सुरगाणा भागातून एक गोष्ट जोडतो. आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि आमच्या आश्रमशाळेत तपासणी होऊ लागल्यापासून मुलांच्या मागोमाग त्यांच्या आई-वडिलांचे निदान होऊ लागले आहे. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना, वय 41, दम लागतो म्हणून तालुक्याला नेले; हृदय मोठे झालेले, हिमोग्लोबिन 7. आयुष्यभर हिमोग्लोबिन कमी राहिले की हृदयाला तेवढेच रक्त अधिक वेगाने फिरवत राहावे लागते आणि शेवटी तेच थकते, असे तिथल्या मॅडमनी समजावले. त्यांना रक्त अनेकदा चढवलेले होते, म्हणजे लोह अंगात कमी नव्हतेच, उलट साठले होते. अशा माणसाला नुसते हिमोग्लोबिन पाहून लोह दिले तर हानीच होणार. 1 जुलै 2023 पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे आणि तपासणी मोफत आहे; आपल्याकडे द्राक्षाच्या हंगामात कामाला येणारी कितीतरी माणसे याच भागातली असतात. त्यांच्यापैकी कोणाला दम लागत असेल तर ही तपासणी आठवावी.

सिडकोवाला

भावाला एकाने रक्त चढवण्याचा सल्ला दिला होता आणि दुसऱ्याने किडनीवाल्यांना देतात ते रक्तवाढीचे इंजेक्शन घ्या म्हणून सांगितले होते. त्याबद्दल काय?

जुना_स्टेथो

रक्ताची पिशवी दुबळ्या हृदयाला जड जाते. हिमोग्लोबिन 7-8 च्या खाली असेल किंवा रक्तस्राव चालू असेल तेव्हा द्यावीच लागते, पण एका वेळी एकच, तीन-चार तास लावून आणि बहुधा लघवीच्या औषधाच्या आधाराने. 10.4 ला नाही.

रक्तवाढीच्या, म्हणजे एरिथ्रोपोएटिनच्या, इंजेक्शनचा मोह मलाही एके काळी होता. 2013 च्या रेड-एचएफ अभ्यासाने तो मोडला : 2278 रुग्णांत हिमोग्लोबिन व्यवस्थित वाढले, पण मृत्यू किंवा दाखल होणे कमी झाले नाही, उलट रक्ताच्या गुठळ्या जास्त झाल्या. किडनीच्या विकारात त्याचे स्थान वेगळे आहे आणि ते किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवावे. केवळ आकडा वर नेला म्हणून रुग्ण बरा होतोच असे नाही, हे आम्ही डॉक्टर लोक त्या वर्षी शिकलो.

मनमाड_पॅसेंजर

आईला हृदयासाठी डापाग्लिफ्लोझिन ही गोळी सुरू केल्यावर काहीही न करता हिमोग्लोबिन 11.1 वरून 12 झाले. लॅबची चूक म्हणून आम्ही दुसरीकडे तपासले, तिथेही 12.

जुना_स्टेथो

चूक नव्हे. त्या औषधाने हिमोग्लोबिन थोडे वाढतेच.

अबोली

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला नऊ आठवडे लागले, कारण आधी काही करून मग लिहावे असे ठरवले होते.

पंचवटीकरीण यांचा प्रतिसाद मी मोबाइलवर डॉक्टरांना दाखवला. त्यांनी शौचाची तपासणी केली, त्यात रक्ताचा अंश निघाला. जठर स्वच्छ होते. मोठ्या आतड्यात एक पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब, सापडला, तो दुर्बिणीतूनच काढला आणि तपासणीत कर्करोग नाही असे आले. पुढच्याच आठवड्यात लोहाचे 1000 मिलिग्रॅम सलाइन दिले. बाबा मनगटावरचे घड्याळ समोर धरून बसले होते. सतरा मिनिटे लागली, असे त्यांनी वजनाच्या वहीत नोंदवले आहे. वजन दुसऱ्या दिवशी वाढले नाही. काल तपासणी झाली : हिमोग्लोबिन 12.3, सॅच्युरेशन 25 टक्के. मैदानाच्या तीन फेऱ्या होतात. चौथीला ते अजून बाकाकडे पाहतात, पण बसत नाहीत.

निफाडची_लेक यांचे लिखाण वाचून औषधांची चिठ्ठी काढून पाहिली. बाबांनाही स्पायरोनोलॅक्टोन आहे. आत्याबाईंना बीट बंद करा म्हणून सांगणे हे सलाइनपेक्षा अवघड काम होते, म्हणून मी ते सांगितलेच नाही. बुधवारचे बीट आता मी खाते. बाबांसोबत गेले तेव्हा त्या लॅबमध्ये मी माझेही सीबीसी आणि फेरिटिन करून घेतले. हिमोग्लोबिन 9.4 आहे, फेरिटिन 8. घरात सगळ्यांत कमी माझे, आणि गेले वर्षभर जिने चढताना मलाही दम लागत होता.

जुना_स्टेथो

अबोलीताई, तुमचे हृदय निरोगी असेल तर तुमच्या बाबतीत साधी गोळी चालेल. तुमच्या आतड्याच्या दाराला कडी नाही. दिवसाआड घेतली तरी चांगली शोषली जाते आणि पोटालाही सोसते. मासिक पाळीत रक्त जास्त जाते का, ते मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको.

अबोली

चहा बाबांचा आणि माझा एकत्रच होतो. त्यांना साडेचारऐवजी साडेपाचला चालेल का, ते विचारते.